नेताजींना घेऊन गेलेली यू-१८०: पुढे त्या बोटीचं काय झालं?

दर्यावर्दी८१

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात होतं, आज बसलोच लिहायला. नेताजी जर्मनीतून पाणबुडीने पूर्वेकडे गेले हे शाळेपासून आपल्या सगळ्यांना माहितीये, पुस्तकात एक ओळ असायची आणि पुढच्या ओळीत नेताजी डायरेक्ट सिंगापूरला आझाद हिंद सेनेसमोर उभे. मला लहानपणापासून प्रश्न पडायचा की ती पाणबुडी कुठली, चालवत कोण होतं, आणि नेताजींना उतरवून ती परत गेली तर तिचं पुढे काय झालं? माझे वडील जहाजावर होते, त्यामुळे घरात बोटीचं नाव आधी विचारायचं, माणसाचं नंतर, ही सवय.

तर बोट म्हणजे यू-१८०. ब्रेमेनच्या आ.गे. वेझर यार्डात बांधलेली, डिसेंबर १९४१ मध्ये पाण्यात उतरली आणि १६ मे १९४२ ला नौदलात दाखल झाली. कॅप्टन वेर्नर मुझेनबेर्ग. लांबी साडेसत्त्याऐंशी मीटर, म्हणजे त्या काळच्या जर्मन पाणबुड्यांमध्ये मोठीच. टाइप नऊ-डी-वन. या टाइपच्या फक्त दोनच बोटी बनल्या, ही आणि यू-१९५.

फेब्रुवारी १९४३ मध्ये कीलहून निघाली. आपल्याकडच्या पुस्तकांत ८ तारीख देतात, जर्मन नोंदींत ९. बोटीवर नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन, दोघंच हिंदी. बाकी टोकियोच्या जर्मन वकिलातीसाठी टपाल, कागदपत्रं, जेट इंजिनाचे नकाशे. नॉर्वेकडून वर जाऊन, आइसलंडच्या बाजूने वळसा मारून अटलांटिकमध्ये उतरायचं आणि मग आफ्रिकेच्या टोकाला वळसा. इंग्लिश खाडीतून जाणं म्हणजे मरणच होतं म्हणून एवढा लांबचा रस्ता. आणि लक्षात घ्या, अवघ्या दोनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर ४२ मध्ये त्यांची मुलगी अनिता जन्मली होती. तिला आणि तिची आई एमिलीला मागे ठेवून हा माणूस निघाला. मला हे दर वेळी लिहिताना गलबलतं.

बाकीचं हळूहळू लिहितो, तुमच्याकडे काही असेल तर टाका.

अवनी_म

वाचतेय. छान विषय दादा. बोटीचा नंबर मला आजच कळला, इतकी वर्षं फक्त 'जर्मन पाणबुडी' एवढंच डोक्यात होतं.

पण एक विचारू? तीन महिने आतमध्ये ते करत काय होते? मला लिफ्ट दोन मिनिटं अडकली तरी घाम फुटतो.

हेमा कील

अवनी, मी कीलजवळच राहते, नवरा इथे नोकरीला. इथून जवळ लाबोला समुद्रकिनाऱ्यावर यू-९९५ नावाची पाणबुडी वाळूत उभी करून ठेवलीये, तिकीट काढून आत जाता येतं. ती टाइप सात, म्हणजे यू-१८० पेक्षा वीस मीटरने लहान. मी दोनदा गेलेय. एका टोकाकडून शिरायचं आणि दुसरीकडून बाहेर, मधे गोल दरवाजे, पाय आधी टाकायचा मग डोकं वाकवून अंग आत ओढायचं. माझी उंची पाच फूट दोन, तरी मला दोन ठिकाणी लागलं. बंक म्हणजे आपल्या एसटीच्या सीटएवढे रुंद, आणि एक उठला की दुसरा त्याच गरम बिछान्यात झोपायचा. इंजिनरूममध्ये इतक्या वर्षांनीही तेलाचा वास येतो बरं का. आम्ही तिथे वीस मिनिटं होतो तर माझा मुलगा बाहेर चल म्हणून रडायला लागला.

तेव्हापासून मी नेताजींचा विचार करते की पन्नासच्या आत-बाहेर माणसं, आंघोळ नाही, कपडे वाळत नाहीत, आणि वय ४६. तब्येतही काही फार ठणठणीत नव्हती त्यांची.

दर्यावर्दी८१

हेमाताई, खूप छान सांगितलंत, वाचताना आत गेल्यासारखं वाटलं.

अवनी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आबिद हसन यांच्या आठवणींत सापडतं. ते सांगतात की ब्लँकेटपासून पावापर्यंत सगळ्याला डिझेलचा वास. नेताजींना ते जेवण जाईना. मग हसननी बोटीच्या साठ्यात शोधाशोध केली तर तांदूळ आणि डाळ मिळाली. त्यावर ते नेताजींसाठी भातडाळ करायचे, आणि नेताजी काय करायचे तर जर्मन ऑफिसरांना बोलवून त्यांनाही वाढायचे, आणि हसनना काळजी की अशाने साठा संपणार!

आणि वेळ घालवायचा म्हणजे काम. नेताजी सांगायचे, हसन टाइप करायचे. 'द इंडियन स्ट्रगल' या आपल्या पुस्तकावर काम चालू होतं, पूर्वेला पोचल्यावर काय काय बोलायचं त्याची तयारी चालू होती. झाशीच्या राणीच्या नावाने बायकांची पलटण उभी करायची हा विचार त्याच प्रवासात पक्का होत गेला, त्यावर भाषण कसं करायचं याची तयारीसुद्धा तिथंच. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. तांब्यांच्या मनूचं नाव एका जर्मन पाणबुडीत, अटलांटिकच्या पाण्याखाली, टाइपरायटरवर उमटतंय! पुढे ऑक्टोबर १९४३ मध्ये सिंगापूरला ती रेजिमेंट खरोखर उभी राहिली, कॅप्टन लक्ष्मी होत्या तिच्या प्रमुख.

डिझेलवाला

मंडळी मी इंजिनवाला माणूस, तीस वर्षं मरीन डिझेलवर काढली, तेव्हा या बोटीबद्दल मला बोलू द्या कारण खरी गंमत इंजिनात आहे. गंमत म्हणजे त्या पोरांसाठी त्रासच.

नेहमीच्या मोठ्या पाणबुडीला दोन मेन इंजिनं असायची, सावकाश फिरणारी, दणकट, महिनोन्‌महिने चालणारी. या नऊ-डी-वनला जर्मनांनी सहा बसवली. सहा! मर्सिडीज बेंझची एमबी-५०१, प्रत्येकाला वीस सिलिंडर, दीड हजार हॉर्सपॉवर, टोटल नऊ हजार. ही इंजिनं मुळात टॉर्पेडो मारणाऱ्या छोट्या वेगवान बोटींची, ज्यांना बंदरातून सुसाट निघायचं, हल्ला करायचा आणि रात्रीत परत यायचं. हाय आरपीएमचं इंजिन अशा कामाला एक नंबर. पाणबुडीला वेग मिळाला वीस नॉटच्या (तासाला वीस सागरी मैलांच्या) वर, त्या काळात पाणबुडीसाठी भन्नाट. पण तेच इंजिन घेऊन तुम्ही विषुववृत्त ओलांडून हिंदी महासागरात जाणार म्हणजे गरम समुद्राचं पाणी कूलिंगला, बंद खोली, सहा इंजिनं शेजारी शेजारी, तर तापणारच ना. इंजिनरूममध्ये माणूस उभा राहू शकत नव्हता अशी गत. आणि धूर! पाणबुडीचं सगळं शस्त्र म्हणजे न दिसणं, आणि हिच्या एक्झॉस्टचा धूर क्षितिजावरून दिसायचा.

शिवाय तेल किती पितेय बघा. डी-टू टाइपच्या बहिणींची रेंज एकतीस हजार सागरी मैल, हिची त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून वाटेत अटलांटिकमध्ये दुसऱ्या पाणबुडीकडून तेल घ्यावं लागलं. त्या तेल पुरवणाऱ्या पाणबुड्यांना जर्मन खलाशी दुभती गाय म्हणायचे.

ज्याने कोणी हे डिझाइन पास केलं त्याने समुद्रावर एक पूर्ण वॉच, म्हणजे पाळी, इंजिनरूममध्ये काढायला पाहिजे होता असं माझं स्पष्ट मत आहे. खालच्या मोटरमनचे हाल कोणी नकाशावर काढत नाही.

पणजीकर

डिझेलवाले काका, एक नंबर माहिती.

गोव्याचा एक धागा जोडतो. यू-१८० अटलांटिकमध्ये होती त्याच वेळेस, ९ मार्च १९४३ च्या रात्री, आमच्या मुरगाव बंदरात एरेनफेल्स नावाच्या जर्मन व्यापारी जहाजावर हल्ला झाला. कलकत्ता लाइट हॉर्स या राखीव तुकडीचे म्हातारे शिपाई ब्रिटिशांनी गुपचूप पाठवले होते, कारण पोर्तुगाल न्यूट्रल होतं आणि उघड सैन्य पाठवता येत नव्हतं. आरोप असा की एरेनफेल्सवरून रेडिओने पाणबुड्यांना जहाजांच्या बातम्या जातात. झटापटीत कॅप्टन मारला गेला, खलाशांनी जहाज स्वतःच बुडवलं, आणि ते बघून शेजारी उभी असलेली ब्राउनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि इटालियन अँफोरा पण त्यांच्या त्यांच्या लोकांनी बुडवली. आमच्या आजोबांच्या पिढीतले वास्कोचे लोक त्या रात्रीच्या आगीबद्दल सांगायचे.

यू-१८० शी याचा थेट संबंध होता असं मी म्हणत नाही हां. पण त्या महिन्यात हिंदी महासागर किती तापलेला होता ते कळतं. नंतर ऑक्टोबर ४३ मध्ये तर यू-१६८ ने मुंबईच्या पश्चिमेला हायचिंग नावाचं जहाज बुडवलं. म्हणजे युद्ध लांब कुठंतरी नव्हतं, आपल्या दारात होतं.

दर्यावर्दी८१

पणजीकर, धन्यवाद, मुरगावचं डोक्यात नव्हतं.

आता पुढचा भाग, आणि हा लिहायला मला जड जातंय.

१८ एप्रिल १९४३. दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात यू-१८० ला कॉर्बिस नावाचा ब्रिटिश टँकर दिसला, ८,१३२ टनी, पोटात तेल. मुझेनबेर्गने टॉर्पेडो मारले. तेलाचं जहाज, पेटलं, समुद्र पेटला. त्यावरच्या माणसांतली फार थोडी जगली, तीही कित्येक दिवस बोटीत तरंगत राहून. आणि हे झालं तेव्हा नेताजी आतच होते.

हसननी आणखी एक प्रसंग सांगितलाय, हल्ल्याच्या वेळी कोणाच्या तरी चुकीने बोट खाली जायच्या ऐवजी वर आली आणि समोरचं जहाज अंगावर यायला लागलं. आत सगळ्यांचे चेहरे पांढरे. नेताजी डिक्टेशन देत होते. हसनचा हात थांबला, तर नेताजींनी त्यांना टोकलं की मी दोनदा सांगितलं आणि तुम्ही लिहिलं नाही. नंतर मुझेनबेर्गने आपल्या पोरांना या पाहुण्याचं उदाहरण दिलं म्हणे.

आपण हा दुसरा प्रसंग अभिमानाने सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण कॉर्बिसचं नाव कोणी घेत नाही.

जुनापुराणा

दर्यावर्दी, तुमचा अभ्यास मान्य पण हे सूर मला पटले नाहीत. ते युद्ध होतं. ब्रिटिशांनी बंगालमध्ये त्याच वर्षी लाखो माणसं उपाशी मरू दिली. नेताजी त्या बोटीवर प्रवासी होते, टॉर्पेडो त्यांनी सोडला नाही. त्यांच्या प्रवासात कॉर्बिस आणून काय साधणार?

दर्यावर्दी८१

काका, तुमचा राग समजतो आणि बंगालबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. नेताजींवर ठपका ठेवायला मी हे लिहिलेलं नाही, माझ्या मनात तसं येणारही नाही. पण मी बोटीचा इतिहास लिहितोय आणि बोटीच्या इतिहासात तिने बुडवलेली जहाजं येतात. माझे वडील व्यापारी जहाजावर होते काका. टँकरवर पण होते. ते सांगायचे की टँकरवर झोपताना खलाशी पायात चपला घालून झोपतो. म्हणून मला कॉर्बिस सोडून पुढे जाता येत नाही.

मुनाफ रत्नागिरी

काकांचं आणि दादांचं दोघांचं वाचलं. आमच्या कोकणातली किती घरं अशी आहेत की पणजोबा आगबोटीवर गेले ते गेलेच. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर डेकवर, भट्टीवर आपलेच लोक असायचे, रत्नागिरीकडचे तर पिढ्यान्‌पिढ्या. कॉर्बिसवर कोण होते मला माहीत नाही, पण दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या हिंदी खलाशांची नावं, जवळपास सहा हजार, एका पुस्तकात नोंदवून ठेवलीत, एक प्रत मुंबईत मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये आणि एक चितगावला. आमच्या घरात पणजोबांचा फोटो नाही, काहीच नाही.

हे इथे लिहिलं कारण दोन्ही बाजूंना आपली माणसं होती. पाणबुडीत दोन, आणि समोरच्या जहाजांवर हजारो.

जुनापुराणा

मुनाफ, तुझं वाचून गप्प झालो बाळा. दर्यावर्दी, मी जरा तडकाफडकी लिहिलं. पुढे लिहा.

दर्यावर्दी८१

काका, काही नाही हो.

तर एप्रिलच्या शेवटी, २६ ते २८ च्या दरम्यान, मादागास्करच्या बाजूला समुद्रात जपानची आय-२९ पाणबुडी ठरल्याप्रमाणे भेटली. पेनांगहून आलेली. समुद्र खवळलेला, त्यामुळे लगेच काही करता येईना, दोन्ही बोटी एकमेकींच्या आसपास वाट बघत राहिल्या. शेवटी दोर बांधला आणि रबराच्या तराफ्यावरून नेताजी आणि हसन नखशिखांत भिजत पलीकडे गेले. दोन वेगळ्या देशांच्या पाणबुड्यांमध्ये भर समुद्रात नागरिक प्रवासी बदलले गेले असं त्या अख्ख्या युद्धात एवढंच एक उदाहरण सांगतात. आय-२९ वरचा जपानी खलाशांसोबतचा नेताजींचा ग्रुप फोटो तुम्ही पाहिला असेल, तो यानंतरचा. मेच्या सुरुवातीला सुमात्राजवळ साबांगला उतरले आणि तिथून विमानाने टोकियो.

आपली गोष्ट इथे संपते, पण यू-१८० ची नाही. अदलाबदलीला बारा तासांच्या वर लागले, कारण सामान पण होतं. जपान्यांकडून जवळपास अकरा टन माल आला, त्यात टॉर्पेडो आणि दोन टन सोनं, बर्लिनच्या जपानी वकिलातीसाठी. आणि नेताजी-हसनच्या जागी दोन जपानी नौदल अधिकारी चढले, एमी आणि तोमोनागा. हा तोमोनागा हिदेओ पाणबुड्यांचा इंजिनिअर, बोट पाण्याखाली ठरलेल्या खोलीवर आपोआप स्थिर ठेवायची यंत्रणा त्याने काढली होती. तो १९४५ मध्ये यू-२३४ मधून घरी निघाला, वाटेत जर्मनीने शरणागती पत्करली, कॅप्टनने अमेरिकनांना शरण जायचं ठरवलं, तेव्हा त्याने आणि त्याच्या सोबतच्या शोजीने झोपेच्या गोळ्या घेऊन जीव दिला. दोघांना समुद्रातच दफन केलं.

यू-१८० ने परतीला ३ जूनला बोरिस हे ग्रीक जहाज बुडवलं आणि जुलैच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये बोर्दोला पोचली. जवळजवळ पाच महिने समुद्रावर. तेही अशा वेळी की मे ४३ मध्ये एका महिन्यात जर्मनांच्या चाळीसच्या वर पाणबुड्या गेल्या होत्या आणि बिस्केच्या उपसागरावर विमानं घिरट्या घालत होती.

डिझेलवाला

आणि पोचल्यावर पहिलं काम काय केलं? ती सहा इंजिनं काढली! दोन साधी दणकट बसवली, वेग बराच उतरला. टॉर्पेडोच्या नळ्यापण काढल्या आणि माल न्यायची बोट केली, अडीचशे टन सामान मावेल अशी. इतकी महागडी बोट, एकच लढाऊ सफर. मला त्या इंजिनरूमच्या पोरांसाठी बरं वाटलं वाचून.

दर्यावर्दी८१

बरोबर काका. आणि आता एक गोष्ट सांगतो जी मला मागच्या महिन्यात नकाशा बघताना लक्षात आली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

यू-१८० बोर्दोला उभी होती १९४३ च्या उन्हाळ्यापासून ऑगस्ट ४४ पर्यंत. आणि नेताजींनी जर्मनीत उभं केलेलं इंडियन लीजन, म्हणजे उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी युद्धकैद्यांतून तयार झालेली फौज, शीख, राजपूत, जाट, गढवाली, आपले मराठेसुद्धा, ती या काळात कुठे होती? फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर लाकानोला. लाकानो ते बोर्दो पन्नासेक किलोमीटर. म्हणजे पुण्याहून लोणावळ्याच्या अलीकडेच! नेताजींना घेऊन गेलेली बोट गोदीत, आणि नेताजींनी मागे सोडलेली पोरं तासाभराच्या अंतरावर वाळूत पहारा देत बसलेली, आपला नेता परत येणार की नाही माहीत नाही. त्यांना कुणी सांगितलं असेल का की ती बोट इथंच आहे?

ऑगस्ट ४४ मध्ये दोस्त सैन्य जवळ आलं. मध्यावर लीजनने लाकानो सोडलं. २० ऑगस्टला यू-१८० पण निघाली, सोबत बहीण यू-१९५, दोघींना जपानच्या ताब्यातल्या पूर्वेकडच्या बंदरांकडे जायचं होतं. कॅप्टन आता रोल्फ रीझेन. यू-१९५ डिसेंबरमध्ये जावाला पोचली. यू-१८० बिस्केच्या बाहेरसुद्धा पडली नाही. २३ ऑगस्टपासून ती बेपत्ता, ५६ माणसं, एकही वाचला नाही. बरीच वर्षं सुरुंग लागला असंच लिहायचे, नंतर अभ्यासकांनी स्नॉर्केलच्या, म्हणजे पाण्याखाली असताना वरून हवा घ्यायच्या नळीच्या, बिघाडाची शक्यताही धरली, सिद्ध काहीच झालेलं नाही. आणि आय-२९ तर तिच्या आधीच, २६ जुलै ४४ ला, अमेरिकन पाणबुडी सॉफिशने फिलिपाइन्समधल्या लुझोनजवळ बुडवली होती. म्हणजे नेताजींनी ज्या दोन बोटींतून प्रवास केला त्या दोन्ही एका महिन्याच्या आत गेल्या.

अवनी_म

दादा... पन्नास किलोमीटरचं वाचून अंगावर काटा आला. बोर्दोचा तो पाणबुड्यांचा बंकर अजून आहे ना? मैत्रीण तिथे चित्रांचा डिजिटल शो बघून आली होती, पाण्यावर सगळी रिफ्लेक्शन्स, भिंती एवढ्या जाड की फोनला रेंज नाही म्हणाली. तोच का?

दर्यावर्दी८१

तोच. २०२० पासून तिथे कलाकेंद्र आहे.

हेमा कील

मंडळी, इथे कीलच्या खाडीवर म्योल्टेनोर्टला पाणबुडीवाल्यांचं स्मारक आहे, गरुडाचा उंच खांब आणि खाली अर्धगोल भिंतीवर ब्राँझच्या पाट्या, बोटीप्रमाणे नावं. दोन्ही महायुद्धं धरून तीस हजारांच्या वर. मी कित्येकदा बाजूने सायकलवरून गेलेय पण कधी थांबले नव्हते. उद्या रविवार, जाऊन येते.

हेमा कील

जाऊन आले. खूप वारा होता. यू-१८० ची पाटी सापडली, रीझेनचं नाव आहे. मी बोट ठेवून नावं वाचत गेले आणि मधेच थांबले कारण मागे एक आजोबा उभे होते, त्यांना वाटलं माझं कोणी आहे की काय. त्यांनी विचारलं. मी म्हटलं नाही, पण या बोटीने माझ्या देशातल्या एका माणसाला नेलं होतं. त्यांना बोस हे नाव माहीत होतं! मग आम्ही दोघं मिळून वाचत बसलो. तिथून समोर तीच खाडी दिसते जिथून ही बोट फेब्रुवारीत निघाली होती.

फोटो काढलाय, दर्यावर्दी तुम्हाला मेसेजमध्ये पाठवते.

मुनाफ रत्नागिरी

हेमाताई, तुमचं वाचून ठरवलं, पुढच्या आठवड्यात मुंबईला कामासाठी जातोय, मशीद बंदरला जाऊन त्या पुस्तकात पणजोबांचं नाव आहे का बघतो. जहाजाचं नाव घरी कोणालाच माहीत नाही, फक्त गाव आणि नाव माहितीये. जुनापुराणा काका, तुम्ही मुंबईतच असता ना?

जुनापुराणा

हो, डोंगरीला. कुठल्या दिवशी ते कळव, मी येतो सोबत.